दापोलीच्या किनाऱ्यावर सायकलने आणि पायी : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

सायकल ठरवायला येणारे पाहुणे बहुधा आधी किलोमीटर विचारतात. हर्णै किती लांब, मुरुड किती लांब? आकडे तसे लहानच आहेत. दापोलीहून हर्णै साधारण १५ किलोमीटर, मुरुड त्याहून थोडे जवळ. पण आमची विनंती अशी की इथली वाट अंतरावरून निवडू नका. चढ कुठे लागतो आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा समुद्र भरतीचा असेल की ओहोटीचा, या दोन गोष्टी पाहून निवडा.

चढाचे आधी सांगतो. दापोली गाव समुद्रापासून सुमारे आठशे फूट उंचीवर आहे. म्हणजे किनाऱ्याकडे जाताना उतार आणि दमल्यावर, भर दुपारी, परतीचा चढ. रोज सायकल चालवणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. बाकीच्यांनी जाताना सायकल आणि येताना आमचा टेम्पो असा बेत करावा. टेम्पोत माणसे आणि सायकली दोन्ही येतात, भाडे वेगळे पडते. उताराच्या वळणांवर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक एकत्र पण हलके दाबा, आणि खडीवर पुढचा ब्रेक करकचून कधीच दाबू नका. आमच्याकडे आलेल्या पडझडी बहुतेक अशाच वळणांवर झालेल्या आहेत.

वाळूवर सायकल केव्हा चालते

मुरुड ते कर्दे हा सलग किनारा ओहोटीच्या वेळी सायकलसाठी फार सुरेख. ओली वाळू घट्ट बसलेली असते, चाक रुतत नाही. भरतीला मात्र तीच पट्टी पाण्याखाली जाते, उरते ती कोरडी भुसभुशीत वाळू, आणि सायकल ढकलतच न्यावी लागते.

वेळ काढायचा जुना हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा लागू. यावरून लक्षात येईल की पौर्णिमा आणि अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस सर्वांत सोयीचे. द्वितीयेला तर सकाळी साडेसात आणि संध्याकाळी पुन्हा जवळपास त्याच वेळी किनारा मोकळा मिळतो. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघताना आमच्याकडच्या फळ्यावर त्या दिवसाची वेळ बघून जा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर उतरलात तर परतायला पुरेसा वेळ राहतो.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. सायकल लाटेत घालू नका. खारे पाणी चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेले की एका रात्रीत गंज धरतो. आणि भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूवरून सायकल अजिबात नेऊ नका. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री येऊन याच पट्ट्यात खड्डा करून अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात, पिल्ले बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात, आणि वरून घरटे मुळीच दिसत नाही. आंजर्ल्याला आणि पलीकडे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांनी ही घरटी जपली आहेत. म्हणून अंधार पडल्यावर किनाऱ्यावर न्यायला आम्ही सायकल देत नाही. कासव दिसलेच तर टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका.

एकच सकाळ हाताशी असेल तर

आसूद. आमचे मत विचाराल तर समुद्राच्याही आधी. हर्णै रस्त्यावर सहा-सात किलोमीटरवर गाव लागते. सायकली वर रस्त्याला लावायच्या आणि दाबकेवाडीतून पायी उतरायचे. ही पाखाडी, म्हणजे जांभ्याची चिरेबंदी पायवाट, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाते. बाजूने पाटाचे पाणी खळखळत असते, पोफळी इतक्या उंच आणि दाट की मे महिन्यातही खाली गारवा असतो. तळाशी नदीवर साकव आहे. तो ओलांडला की केशवराजापर्यंत पायऱ्यांची चढण. देवळाच्या आवारात दगडी गोमुखातून बारा महिने पाणी पडते. हात धरून बघा, भर उन्हाळ्यातही गारच लागेल. जाऊन-येऊन दोन तास ठेवा. पावसाळ्यात या चिऱ्यांवर शेवाळ धरते. तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत आणि उतरताना घाई नको.

ही वाट लोकांच्या अंगणांना लागून जाते. पडलेली सुपारी किंवा नारळ उचलू नका, तो त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाचा भाग आहे. कोकम सरबत विकत मिळाले तर जरूर घ्या.

हर्णै, आंजर्ले

हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव सायकल बाहेर लावून पाहा. आत टोपल्या, बर्फ आणि माणसे यांची गर्दी असते, आणि ती कामाची जागा आहे. समोर सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून हा जलदुर्ग घेतला. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात तो आहे. किल्ल्यावर जाणारी होडी समुद्र शांत असतानाच सुटते.

हर्णैहून पाजपंढरीच्या कोळीवाड्याला वळसा घालून, जोग नदीचा पूल ओलांडला की आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला गाडीरस्ता आहे, पण गावातून वर जाणारी पायऱ्यांची वाट घ्या. देऊळ पूर्वी खाली किनाऱ्यावर होते आणि देव स्वतः कड्यावर गेला अशी कथा आहे. वाटेत त्याचे पाऊलही दाखवतात. वरून सुवर्णदुर्ग, खाडी आणि माडांचे बन एका नजरेत येते.

मुरुडला पोहोचलात तर किनाऱ्याइतकाच वेळ गावाला द्या. धोंडो केशव कर्वे इथे वाढले. परीक्षेला बसण्यासाठी ते विद्यार्थी असताना इथून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून तिथे त्यांना बसू दिले नाही. गावातल्या सरळ, सावलीच्या गल्ल्यांत सायकल हातात धरून चालायला बरे वाटते. दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब पाहा.

दक्षिणेला लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी करत दाभोळपर्यंतचा रस्ता सुंदर आहे, पण प्रत्येक खाडीला उतार आणि लगेच चढ. सराव असलेल्यांनीच घ्यावा, आणि पहाटे निघावे. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल चढवता येते, म्हणजे गुहागरकडे जाणाऱ्यांचा मोठा वळसा वाचतो.

हंगाम आणि बुकिंग

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर, एवढेच आम्ही सुचवतो. दमट हवेत घाम वाळत नाही आणि थकवा उशिरा जाणवतो. माणशी दोन लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर जवळ असू द्या.

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा : किती जण, प्रत्येकाची उंची, कोणती वाट, लहान मुले आहेत का, परतीला टेम्पो हवा का. उंचीप्रमाणे आम्ही सीट लावून ठेवतो. सीट खाली राहिली तर पहिल्याच चढाला गुडघे बोलू लागतात. हेल्मेट आणि पंक्चरचे सामान सायकलसोबत मिळते. परत आल्यावर नळाखाली सायकल गोड्या पाण्याने आम्हीच धुतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वाळूवर गेला होता की नाही एवढे मात्र सांगा.