जुन्या डिझेल पिकअपमध्ये हवा कुठून शिरते?

रिकामी असताना पिकअप झकास पळते, पण माल भरून घाटाला लागली की दम तोडते. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय इंजिन बोलत नाही. कधी सुरू होते, अर्धा मिनिट चालते आणि गप्प होते. अशा तक्रारी घेऊन गाडी गॅरेजला गेली की बऱ्याचदा पहिला संशय डिझेल पंपावर येतो. पंप उतरतो, बेंचवर जातो, मालकाचे हजारो रुपये जातात आणि गाडी मात्र होती तशीच. कारण पुष्कळदा दोष पंपात नसतोच. तो टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या, क्लिपा, वॉशर आणि फिल्टरच्या वाटेत असतो, आणि तो शोधायला हात-दोन हात पारदर्शक नळी, एक स्वच्छ कॅन आणि थोडा संयम पुरतो.

इथे बोलतोय ते कॉमन रेलच्या (संगणकाने नियंत्रित होणाऱ्या इंधनप्रणालीच्या) आधीच्या गाड्यांबद्दल: जुन्या टाटा २०७, महिंद्राच्या जुन्या पिकअप आणि त्या पिढीतली यांत्रिक पंपाची इंजिने. पंप कोणता आहे ते आधी बघून घ्या. लांबट पंपाच्या डोक्यावरून चार पाइप एका ओळीत निघत असतील तर तो इनलाइन. गोल डोक्यातून पाइप वर्तुळाकार निघत असतील तर रोटरी. इनलाइन पंपाच्या अंगालाच बहुधा टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप आणि नळीत डिझेल भरायला हाताने दाबायचा प्रायमर असतो. काही रोटरी पंपांना वेगळा फीड पंप नसतो, आतला पात्यांचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडतो. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाचे नोझल साधारण २०० बार दाबाला उघडते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पट. मात्र डिझेलचे प्रमाण फारच थोडे असते. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात पूर्ण भाराखाली एका वेळी ४० ते ५० घन मिलिमीटर डिझेल जाते, म्हणजे जेमतेम एक थेंब. आयडलिंगला तर त्याचा पाचवा-सहावा हिस्साच.

आता या हिशेबात हवेचा बुडबुडा आला की काय होते ते पाहा. २०० बारला डिझेलचे आकारमान जेमतेम दीड टक्का कमी होते, म्हणून पंपाने एका टोकाला दिलेला धक्का दुसऱ्या टोकाच्या नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. समजा, हाय प्रेशर पाइपाचे भोक २ मिलिमीटरचे आहे आणि त्यात १६ मिलिमीटर लांबीची हवा अडकली आहे. ही झाली ५० घन मिलिमीटर हवा. पंपाने ४० घन मिलिमीटर डिझेल ढकलले की ही हवा आक्रसून १० घन मिलिमीटर होते आणि ढोबळ हिशेबाने तिचा दाब १ बारवरून ५ बारवर जातो. नोझलला हवेत २०० बार. म्हणजे एक थेंबही बाहेर पडत नाही. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बसताना पाइपातले थोडे डिझेल मागे ओढून घेतो, बुडबुडा परत फुगतो आणि पुढच्या फेरीला तेच. म्हणून एअर घेतलेली, म्हणजे नळीत हवा शिरलेली गाडी कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही, फक्त बॅटरी उतरते.

ही हवा शिरते कशी, हे कळले की निम्मे काम झाले. टाकी ते फीड पंप या टप्प्यात नळीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी असतो. तिथे चीर असेल तर चिरलेल्या स्ट्रॉने सरबत ओढल्यासारखे होते: बाहेर थेंब येत नाही, आत हवा येते. फीड पंपाच्या पुढे मात्र साधारण १ ते १.५ बार दाब असतो, तिथली चीर डिझेल बाहेर फेकते. "कुठेच गळत नाही, म्हणजे लाइन चांगली आहे" हा निष्कर्ष म्हणूनच सगळ्यात महाग पडतो. आणि ज्या रोटरी पंपाला वेगळा फीड पंप नाही, तिथे फिल्टरसुद्धा ओढीच्या बाजूला येतो. फिल्टरचे गॅस्केट दबलेले असेल तर इनलाइनवाल्या गाडीत फिल्टर ओला दिसेल. रोटरीवाल्या गाडीत तोच फिल्टर कोरडा ठणठणीत असेल आणि गाडी तरी बंद पडेल.

पाना हातात घेण्याआधी धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, मग कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) असतील तर ते तपासायचे. चढावर ताकद कमी आणि वर काळा धूर, तर एअर फिल्टर किंवा नोझल बघा. इंधनाला मुकलेले इंजिन काळे ओकत नाही. ताकद कमी आणि धूरही नाही, ही इंधनवाटेच्या दोषाची सर्वांत स्पष्ट खूण.

त्यानंतर टाकीचे झाकण. पंप डिझेल 'ओढतो' असे आपण म्हणतो, पण खरे तर टाकीतल्या डिझेलवरचा हवेचा दाबच ते नळीत ढकलत असतो. झाकणाचे श्वासछिद्र चिखलाने बुजले की टाकीत बाहेरून हवा जात नाही, आत निर्वात तयार होतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी ढेपाळते. थोडी थांबली की पुन्हा चालते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली तर दोष सापडला.

मग कॅनची चाचणी, जिच्यावर आमचा सर्वांत जास्त भरवसा आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाच्या तोंडाला काढा आणि तिथे कॅनमधून आलेली नवी नळी क्लिपने घट्ट बसवा. उरलेले डिझेल परत नेणारी रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. एअर काढून इंजिन चालवा. दोष नाहीसा झाला तर टाकी, तिच्यातली जाळी किंवा चेसिसच्या कडेने येणारी नळी यांपैकीच कुठेतरी तो आहे. पंप आणि नोझलला हात लावायचे कारण नाही. दोष तसाच राहिला तर तो पंपाच्या तोंडापासून पुढे आहे. एक खबरदारी मात्र हवी. कॅन उंचावर ठेवला तर डिझेल आपोआप उतरते आणि कमजोर फीड पंपही पास होतो. म्हणून दुसऱ्यांदा कॅन टाकीच्या उंचीला ठेवून बघा. भाराखाली चाचणी करायची तर झाकणाचा कॅन हौद्याच्या पुढच्या जाळीला बांधा, नळी सायलेन्सरपासून लांब न्या. बॉनेटवर उघडा कॅन ठेवून रस्त्यावर जाऊ नका.

हवा नेमकी कुठून येते ते पारदर्शक नळी दाखवते. त्याच मापाचा वीतभर तुकडा आधी फीड पंपाच्या अलीकडे बसवा. इंजिन आयडलिंगला ठेवा, मग रेस करा. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडून द्या. दोन-तीन मिनिटांनंतरही बारीक फेस वाहत असेल तर मागे गळती आहे. तिथे डिझेल स्वच्छ दिसत असेल तर तुकडा फिल्टरच्या पुढे सरकवा, नंतर रिटर्नला. जिथे पहिल्यांदा बुडबुडे दिसतील, त्याच्या अलीकडचा सांधा गुन्हेगार. ही नळी तपासणीपुरतीच वापरा, डिझेलने ती कडक होऊन तडकते.

सांधे कोणते संशयास्पद? बँजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर, जे एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. जुन्या क्लिपेखाली चिरलेली नळीची कड. टाकीच्या सेंडिंग युनिटमधला (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या भागातला) डिझेल उचलणारा गंजलेला पाइप. आणि हमखास दुर्लक्षिला जाणारा हँड प्रायमर. प्रायमरचा दट्ट्या झिजला की तो स्वतःच हवा घेतो. खात्रीसाठी इंजिन चालू असताना त्याच्या मुठीभोवती थोडे डिझेल सोडा. ते आत खेचले जाऊन बुडबुडे थांबले, तर प्रायमर बदला. पूर्वीच्या डिझेलवर वर्षानुवर्षे राहिलेल्या रबरी ओ-रिंगा कमी गंधकाच्या डिझेलमध्ये आक्रसू शकतात, हेही ध्यानात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम असते. वीस वर्षांच्या रोटरी पंपाला अचानक पाझर फुटला तर सगळा पंप निकामी झाला असे समजू नये, बऱ्याचदा सील किटवर भागते.

सकाळचा त्रास वेगळा ओळखता येतो. रात्रभर गाडी उभी राहिली की सूक्ष्म गळतीतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल टाकीत परत उतरते. सकाळी सेल्फ मारण्याआधी प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत दाबा. नंतर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली तर बॅटरी आणि ग्लो प्लग निर्दोष आहेत.

हवा नाही, तरी चढावर दम नाही, मग अडथळा शोधायचा. टाकीच्या तळाशी गंज, चिकट गाळ आणि पाणी साचते. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्यात बाष्प थिजून पाणी होते, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून काळपट साय धरते. ती जाळीला लपेटली की आयडलिंगपुरते डिझेल मिळते, भाराला लागणारे मिळत नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत अर्धा पेला डिझेल काढा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा; पाणी खाली वेगळे दिसेल. रबरी नळीचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे मिटते, हाही छुपा अडथळा. बाहेरून नळी धडधाकट दिसते, म्हणून ती कापून बघावी लागते. इनलाइन पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही विसरू नका. त्याची स्प्रिंग थकली की पंपाच्या गॅलरीतला, म्हणजे आतल्या डिझेलच्या कप्प्यातला दाब टिकत नाही आणि सगळे डिझेल रिटर्नला पळते. रोटरी पंपात 'आउट' लिहिलेला बँजो बोल्ट आत बारीक छिद्राचा असतो; तो आवकेच्या बोल्टशी अदलाबदल झाला तर पंपाचा आतला दाबच बिघडतो. नळ्या काढून बसवल्यानंतर सुरू झालेल्या दोषाचे हे नेहमीचे कारण आहे. रोटरीवरचा, डिझेल चालू-बंद करणारा सोलेनॉइड चावी फिरवताच टिक् असा वाजला पाहिजे. नाही वाजला तर त्याच्या टोकाला १२ व्होल्ट येतात का बघा, नंतरच सोलेनॉइडला दोष द्या.

एअर काढताना क्रम टाकीकडून इंजिनकडे. प्रायमर दाबत राहा, पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू सैल करा, फेस संपून अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा-पाऊण आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळले की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मोटर तापते.

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसेल, तर आयडलिंगला नोझलकडच्या पाइपांचा एकेक नट चिंधी धरून जरासा सैल करा. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरला बसवा, दर वेळी खालचे तांब्याचे वॉशर नवे घाला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन किंवा पंपाचा एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या). नोझल टेस्टरवर त्याने ठरलेल्या दाबाला धुक्यासारखा फवारा द्यावा आणि फवाऱ्यानंतर टोक कोरडे राहावे. नाशिकच्या सातपूरचा मायको कारखाना, आताचा बॉश, याच नोझल-इंजेक्टरसाठी ओळखला जातो, आणि जुने मेकॅनिक अजून पंपाला 'मायको पंप'च म्हणतात.

हाय प्रेशर पाइपाची गळती हाताने चाचपू नका. २०० बारचा केसाएवढा फवारा कातडी भेदून आत डिझेल सोडतो. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट सडायला लागू शकते. असे झाले तर डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगून तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून पाइपाजवळून फिरवावा आणि डोळ्यांवर गॉगल असावा. पुठ्ठा जिथे ओला होईल तिथे इंजिन बंद करूनच पाना लावावा.

एवढे सगळे निर्दोष निघाले, तर आता पंप उतरवा. एलिमेंट आणि त्याची नळकांडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. पाण्याने किंवा केरोसीन मिसळलेल्या डिझेलने ती वाढली की सेल्फच्या संथ गतीला दाब धरत नाही आणि गरम इंजिन सुरू व्हायला जास्त त्रास देते, कारण गरम डिझेल पातळ होऊन फटीतून लवकर निसटते. गार असताना पटकन सुरू होणारी आणि तापल्यावर अडणारी गाडी असेल, तर कॅलिब्रेशनवाल्याला (पंप तपासून जुळवणाऱ्याला) ही गोष्ट पंप हातात देतानाच सांगा.