स्टार वजा, बंगला जमा: रामसे घराण्याच्या भयपटांमागची गोष्ट

खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. पुणेकरांचा हा शनिवार-रविवारचा रस्ता. त्याच्या टोकाला असलेल्या महाबळेश्वरात हिंदी भयपटाच्या एका अख्ख्या धंद्याची पायाभरणी झाली, हे स्ट्रॉबेरी घेऊन परतणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘दो गज जमीन के नीचे’ हा 1972चा चित्रपट तिथल्या एका गेस्ट हाउसात चित्रित झाला. घरच्यांनीच पुढे वेळोवेळी सांगितलेल्या हिशोबाप्रमाणे खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आणि शूटिंग चाळीसेक दिवसांचं.

या धंद्याचे मूळ पुरुष फतेहचंद रामसिंघानी. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात ‘रामसिंघानी’ बसेना, म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं आणि तेच पुढे पोस्टरवर गेलं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं, पुन्हा दुकान थाटलं आणि त्या कमाईतून सिनेमाचा नाद सुरू झाला. सुरुवातीचे चित्रपट त्या काळच्या रीतीचेच होते. 1963च्या ‘रुस्तम सोहराब’मध्ये पृथ्वीराज कपूर होते, सुरैया होती, तिचा तो शेवटचा चित्रपट. मोठी नावं, मोठे पोशाख, मोठा खर्च.

मग 1970मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आला आणि आपटला. त्यात एक प्रसंग होता: भेसूर मुखवटा आणि चिलखती वेश चढवलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला शिरतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागतच नाहीत. बाकीच्या चित्रपटाकडे पाठ फिरवलेलं पब्लिक तेवढ्या प्रसंगाला मात्र जागं होत होतं. थिएटरात बसून हे पाहिलं ते मुलांनी, तुलसी आणि श्याम यांनी. ते वडिलांकडे गेले आणि म्हणाले, अख्खा चित्रपटच असा का करू नये? पडलेल्या चित्रपटातून नेमकं काय उचलायचं हे कळणं, निर्मात्याचा खरा गुण माझ्या मते हाच. बहुतेक निर्माते अशा वेळी वितरकाला शिव्या घालतात.

मुलं सात: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. वडिलांनी त्यांना काश्मिरात एका हाउसबोटीवर नेऊन कॅमेऱ्याच्या तंत्रावरचं एक इंग्रजी पुस्तक घोटून घ्यायला लावलं. इकडे पुण्यात 1960पासून ‘प्रभात’च्या जुन्या आवारात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी होती आणि तिथून बाहेर पडलेली मुलं समांतर सिनेमाकडे वळत होती. रामसेंच्या घरच्या शाळेत एकच विषय शिकवला गेला: स्वस्तात कसं उरकायचं. कुमार पटकथा लिहायचा, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीवर, अर्जुन संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. केशू निर्मितीचं बघायचा. घरातल्या बायका मुक्कामी स्वयंपाकापासून मेकअपपर्यंत हात लावायच्या. म्हणजे इतर निर्माते ज्या माणसांना पगार देत होते, ती सगळी इथे एकाच शिधापत्रिकेवर होती.

हे स्वस्तातलं काम चाललं कसं, हे समजायला त्या काळची विक्री समजून घ्यावी लागते. हिंदी चित्रपट टेरिटरीप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या वितरण-विभागांप्रमाणे विकला जाई. आपला महाराष्ट्रच त्यात तीन तुकड्यांत वाटलेला: पुणे मुंबई सर्किटात, नागपूर-अमरावती सीपी-बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड), औरंगाबाद-नांदेड निजाममध्ये (जुनं हैदराबाद संस्थान). त्या त्या भागाचा वितरक निर्मात्याला आगाऊ रक्कम द्यायचा आणि ती ठरायची मुख्यतः स्टारच्या नावावर. स्टार घेतला की भाव चढायचा, पण त्याचं मानधन, त्याच्या तारखा आणि त्या तारखांपायी रखडलेलं शूटिंग यांत चढलेला भाव विरून जायचा. वर्षानुवर्षं व्याज भरत बसलेले निर्माते त्या काळी चिक्कार.

रामसेंनी स्टारच वजा केला. ‘दो गज…’मध्ये सुरेंद्र कुमार, शोभना आणि अमजद खानचा भाऊ इम्तियाज खान, यातल्या कुणाच्या नावावर टेरिटरी विकली जात नव्हती. विकलं जात होतं ते पोस्टरवरचं भूत. भुताला तारखा नसतात. भाव कमी मिळायचा, पण खर्च त्याहून कमी ठेवला की पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यातच वितरक खूश आणि पुढच्या चित्रपटाला तोच वितरक पुन्हा दारात.

त्यांच्या चित्रपटांची जी ‘शैली’ म्हणून आज चर्चा होते, तिचा बराचसा भाग याच हिशोबातून आला, असं मला वाटतं. एकच जुना बंगला, कारण सेट लावायचा खर्च वाचतो आणि युनिट तिथेच झोपू शकतं. सगळं रात्री, कारण अंधारात फर्निचर दाखवावं लागत नाही. धुकं, वादळ, निळा-लाल प्रकाश. सगळं स्वस्त आणि पडद्यावर भरगच्च दिसणारं. महाबळेश्वरचे ब्रिटिशकालीन बंगले आणि मुरुडचा नवाबाचा राजवाडा ही त्यांची फुकटात मिळाल्यासारखी श्रीमंती.

या हिशोबाचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे 1984चा ‘पुराना मंदिर’. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर हे कलाकार, पण लक्षात राहिला तो त्यातला राक्षस सामरी, म्हणजे अजय अगरवाल. उंचापुरा, हाडकुळा, विचित्र ठेवणीचा चेहरा. त्याला फारसा मेकअपही लागला नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर चित्रपट आज पाहताना मधला जगदीपचा ‘शोले’ची नक्कल करणारा भाग नकोसा होतो आणि भीतीही सलग वाटत नाही. पण सामरी पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग अजूनही पकड घेतो. पुण्यात चित्रपटावर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी किती जण हा चित्रपट थिएटरात पाहिल्याचं कबूल करतील, ही वेगळीच गंमत.

यशामागोमाग नकला आल्या. मोहन भाकरी, विनोद तलवार यांनी रामसेंहून स्वस्तात भुतं काढायला सुरुवात केली. रामसेंनी ‘सामरी’ (1985) थ्री-डीमध्ये केला, मग ‘तहखाना’, ‘वीराना’ (1988), ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाजा’ (1990). तोवर व्हिडिओ कॅसेटी घराघरांत शिरल्या होत्या आणि पाठोपाठ केबल आली. ‘फक्त प्रौढांसाठी’ म्हणून जे पाहायला तालुक्याच्या थिएटरात जावं लागे, ते दार लावून घरी पाहता येऊ लागलं. रामसेंनी यावर काढलेला तोडगाही व्यापारी माणसाला शोभणाराच होता: 1993मध्ये त्यांनी ‘झी हॉरर शो’ सुरू केला. वाडा तोच, धुकं तेच, संगीतकारही त्यांच्या चित्रपटांतलाच, अजित सिंग. गिऱ्हाईक मात्र आता सोफ्यावर. त्याच वर्षी मराठीत महेश कोठारेंनी ‘झपाटलेला’त बाहुल्यात भूत घालून भीती आणि विनोदाची सांगड घातली आणि तीही, रामसेंच्या उलट, सहकुटुंब बघण्याजोगी.

मोठ्या पडद्यावर मात्र हा हिशोब पुन्हा जमला नाही. मल्टिप्लेक्सच्या तिकिटाला स्टार नसलेलं भूत पुरेना आणि 2002च्या ‘राज’नंतर भयपट गुळगुळीत आणि गाण्यांनी सजलेले झाले. सात भावांतला केशू तर केव्हाच वेगळ्या वाटेला लागला होता. 1996चा ‘खिलाडियों का खिलाडी’ त्याचा. 2004चा ‘खाकी’ही त्याचाच, आणि त्यात अमिताभ बच्चन, अक्षय कुमार, अजय देवगण, ऐश्वर्या राय असे एकाच पोस्टरवर चार स्टार होते.