क जीवनसत्त्वाचे सीरम

क जीवनसत्त्वाचे सीरम : क जीवनसत्त्व किंवा त्यापासून तयार केलेले संयुग असलेले, चेहऱ्याला लावून न धुता तसेच ठेवायचे पातळ द्रावण. उन्हामुळे पडणारे काळपट डाग, पिंपल बरा झाल्यावर मागे उरणारी खूण, निस्तेजपणा आणि बारीक सुरकुत्या यांसाठी ते वापरतात. भारतात कायद्याने ते औषध नव्हे, सौंदर्यप्रसाधन आहे. साहजिकच ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळते, आणि कोणते घ्यायचे हे ठरवण्याचा भार ग्राहकावर पडतो.

क जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव ॲस्कॉर्बिक आम्ल. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी ते १९२८ मध्ये वेगळे काढले आणि १९३७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व यकृतात किंवा मूत्रपिंडात बनवतात; माणसाला ते जमत नाही. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन तयार होताना त्याच्या साखळ्या एकमेकींत नीट गुंफणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) क जीवनसत्त्व लागते. म्हणूनच त्याच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा लवकर भरत नाहीत. शिवाय त्वचेचा काळा रंग, म्हणजे मेलॅनीन, बनवण्याच्या प्रक्रियेत ते आडकाठी करते आणि उन्हाने निर्माण होणाऱ्या विध्वंसक रेणूंना इलेक्ट्रॉन देऊन शांत करते.

हा इलेक्ट्रॉन देण्याचा गुणच या प्रसाधनाची खरी अडचण आहे. ॲस्कॉर्बिक आम्ल ज्या तत्परतेने त्वचेतल्या विध्वंसक रेणूंशी संयोग पावते, त्याच तत्परतेने ते बाटलीतल्या हवेशीही पावते. पाणी, उजेड, उष्णता आणि धातूंचे सूक्ष्म अंश यांनी ही क्रिया वेग घेते. द्रावण आधी पिवळे, मग नारिंगी, शेवटी तपकिरी होते. या विघटनात तयार होणाऱ्या पदार्थांपैकी एक एरिथ्रुलोज. कातडी कृत्रिमपणे सावळी दाखवणाऱ्या पाश्चात्त्य क्रीममध्ये हाही वापरतात. बिघडलेले सीरम लावणाऱ्यांच्या बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला जो नारिंगी डाग साबणाने जात नाही, तो याचाच. डाग जावेत म्हणून घेतलेली बाटली अशी स्वतःच डाग पाडू लागते.

दुसरी अडचण आत शिरण्याची. त्वचेचा सर्वांत वरचा थर पाण्यात विरघळणाऱ्या विद्युतभारित रेणूंना सहसा वाट देत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवले, की द्रावणाचा सामू म्हणजे पीएच ३.५ पेक्षा कमी असेल तरच ॲस्कॉर्बिक आम्ल नीट आत जाते आणि २० टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून जास्त काही पदरात पडत नाही. एकदा मुरलेले जीवनसत्त्व निम्म्यावर यायला सुमारे ४ दिवस लागतात, असेही त्यांना आढळले. एखाद्या सकाळी लावायचे राहिले तर बिघडत नाही, ते यामुळे. २००५ मध्ये याच गटाने १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात ०.५ टक्के फेरुलिक आम्ल घातले. द्रावण अधिक टिकले आणि उन्हापासून मिळणारे संरक्षण दुप्पट झाले. आज असंख्य कंपन्यांच्या बाटल्यांवर दिसणारे हे त्रिकूट तिथून आले. पिनेल स्वतः अशी प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी होते, हे मात्र लक्षात ठेवलेले बरे. या विषयावरचे बरेचसे संशोधन लहान गटांवरचे आणि उद्योगाच्या पैशावरचे आहे. गुण येतो, पण जाहिरातीइतका नाही.

टिकाऊपणासाठी रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूला वेगवेगळे जोड दिले आहेत. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, इथाइल ॲस्कॉर्बिक आम्ल आणि तेलात विरघळणारे टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट ही लेबलवर आढळणारी नावे त्या कुळातली. ती कमी झोंबतात आणि लवकर बिघडत नाहीत. मात्र यांतल्या बहुतेकांचे त्वचेत गेल्यावर पुन्हा क जीवनसत्त्व व्हावे लागते आणि ते किती होते याचे पुरावे तोकडे आहेत. नाजूक किंवा पिंपलांनी त्रासलेल्या त्वचेला सुरुवात यांनीच करावी.

लिंबू, संत्रे आणि आवळा

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा लिंबापाशी आल्याशिवाय राहत नाही. अर्धे लिंबू चेहऱ्यावर चोळणे, लिंबाचा रस बेसनात कालवून लावणे, उटण्यात संत्र्याच्या सालीची पूड घालणे हे घरोघरचे उपाय. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असते साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम. १५ टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्याच मापात १५,००० मिलिग्रॅम. म्हणजे फरक किमान तीनशे पटींचा. लिंबाने चेहरा झोंबतो तो सायट्रिक आम्लाने. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसातले फ्युरोकौमरिन हे रसायन त्वचेवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येऊन पुढे काही महिने काळे चट्टे राहतात. संत्र्याच्या सालीच्या पुडीने चेहरा तुकतुकीत दिसतो तो तिच्या खरखरीतपणामुळे. वरची मृत त्वचा निघते, इतकेच. आवळा खाण्यासाठी उत्तम आहे. तो खावा.

निवड

दुकानात पहिली नजर टक्केवारीवर जाते, आणि फसगत बहुधा तिथेच होते. भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक (माल टिकवणारे रसायन) १ टक्क्यापर्यंतच घालतात. यादीत क जीवनसत्त्व त्याच्या खाली दिसले, तर पुढच्या बाजूला कितीही मोठ्या अक्षरांत नाव असो, आत ते चिमूटभरच आहे. नुसता ‘संत्र्याचा अर्क’ किंवा ‘आवळ्याचा अर्क’ लिहिला असेल तर तेही नाही. क जीवनसत्त्वाच्या फेसवॉशवर पैसे घालवू नयेत. मिनिटाभरात ते मोरीत जाते.

पहिल्यांदा वापरणाऱ्याने १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेत जळजळ आणि दाह यांची खूण काळ्या डागाच्या रूपाने उरते, त्यामुळे २० टक्क्यांचे उतावीळ सीरम नेमके उलटे काम करू शकते.

बाटली छोटी घ्यावी. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. रोज ५ थेंब वापरले तर ३० मिलिलिटरची बाटली चार महिने पुरते आणि शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण उघडल्यावर इतके दिवस धड राहीलच असे नाही. १० किंवा १५ मिलिलिटरची बाटली एका थेंबामागे महाग पडते, तरीही तीच किफायतशीर. प्रत्येक वेळी उघडून हवा आत घेणाऱ्या ड्रॉपरपेक्षा हवाबंद पंप चांगला, आणि पारदर्शक काच तर नकोच. उत्पादनाची तारीख पाहावी. घसघशीत सवलतीत मिळणारा माल बऱ्याचदा जुना असतो. मे महिन्यात ऑनलाइन मागवलेली बाटली नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात गाडीत किती तास तापली हे कुठल्याच लेबलवर नसते. आल्याबरोबर एक थेंब पांढऱ्या कापसावर टाकून पाहावा. पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखा असेल तर परत पाठवावी. बाटली न्हाणीघरातल्या फळीवर न ठेवता फ्रिजच्या दारात ठेवावी.

वापर

नवे सीरम आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहतात. मग एक दिवसाआड सुरुवात. सकाळी तोंड धुऊन, चेहरा पूर्ण कोरडा करून ४-५ थेंब चेहऱ्यावर आणि मानेवर पसरायचे, दोन-चार मिनिटे थांबून मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन. सकाळची वेळ निवडण्याचे कारण ऊन हेच आहे. पण क जीवनसत्त्व अतिनील किरण अडवत नाही, सनस्क्रीनमधून निसटून आलेल्या किरणांनी होणारे नुकसान कमी करते. सनस्क्रीन न लावता सीरम लावणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणे. क्षणभर चुणचुणले तर चालते, आग होऊन लाल झाले तर धुऊन टाकावे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच किंवा दाढी केल्यावर सोललेल्या त्वचेवर लगेच लावू नये.

पिंपलांसाठीचे बेंझॉइल पेरॉक्साइड ॲस्कॉर्बिक आम्लाला निकामी करते, म्हणून ते रात्री लावावे. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, तेही रात्रीच बरे. नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचे एक रूप) आणि क जीवनसत्त्व एकत्र चालत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यायला हरकत नाही. ती जुन्या, उच्च तापमानाच्या प्रयोगांवरून पसरली आणि चेहरा काही तेवढा तापत नाही.

फरक दिसायला दोन ते तीन महिने जातात. पिंपलांच्या ताज्या खुणा लवकर फिकट होतात. गालावरचा वांग हट्टी असतो आणि तो अतिनील किरणांप्रमाणे साध्या उजेडानेही गडद होतो, त्यामुळे तिथे आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. जन्मजात रंग कोणत्याही सीरमने बदलत नाही. चार दिवसांत गोरे करणाऱ्या स्वस्त क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड निघते. त्याने त्वचा पातळ होते, आणि ते बंद केले की चेहरा लालभडक होऊन पुरळ उसळते.

मानेवर किंवा काखेत येणारा जाड, मखमली काळपटपणा पुष्कळ घरांत मळ समजून घासला जातो किंवा त्यावर सीरम थापले जाते. बऱ्याचदा तो शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे लक्षण असतो, आणि तिथे सीरमच्या आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी लागते.