बुजऱ्या घोड्याला रहदारीची सवय

मोटारी, ट्रक, दुचाक्या, भोंगे यांच्या सान्निध्यात घोड्याने न बुजता, न उधळता, स्वाराच्या किंवा मोतद्दाराच्या इशाऱ्याबरहुकूम चालावे म्हणून त्याला टप्प्याटप्प्याने दिले जाणारे शिक्षण. घोड्याला ‘धीट’ करणे असे याला बोलीत म्हटले जाते; प्रत्यक्षात वाढवायचा असतो तो धीटपणा नव्हे, ओळख.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. आधी पळायचे आणि मग वळून पाहायचे, हा त्याचा स्वभाव. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सभोवारचे जवळजवळ ३५० अंश दिसते. फक्त थेट शेपटीमागचा आणि कपाळासमोरचा थोडा भाग दिसत नाही. ऐकू येण्याची त्याची वरची मर्यादा सुमारे ३३ किलोहर्ट्‌झ आहे, माणसाची २०. मात्र आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यात घोडा कच्चा आहे: माणूस साधारण १ अंशाचा फरक ओळखतो, घोड्याला सुमारे २५ अंश लागतात. रस्त्यावरच्या बऱ्याचशा घाबरण्याचे मूळ इथे असावे. मागून काहीतरी येते आहे हे त्याला कळते, कुठून ते नीट कळत नाही, आणि मग ते एकदम डोळ्याच्या कडेला वेगाने प्रकटते. ट्रकच्या इंजिनाची घरघर सहन करणारा घोडा एअर ब्रेकच्या ‘फस्स’ आवाजाने बाजूला उडी घेतो, तेही यामुळे समजण्यासारखे आहे.

हा प्रश्न मोटारींहून जुना आहे. इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने शिंगराला गर्दीतून न्यावे, नाना दृश्ये आणि आवाज दाखवावेत आणि ते भ्याले तर न रागावता, भिण्यासारखे काही नाही हे पटवावे, असा सल्ला दिला होता. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवणे सक्तीचे केले. घोडेस्वारांना आणि घोडागाडी हाकणाऱ्यांना सावध करणे हे त्याचे एक काम होते.

शिक्षणाची सुरुवात रस्त्यावर होत नाही. दोर धरून चालवताना थांब म्हणताच थांबणे, पुढे येणे, मागे सरणे, बाजूला होणे हे घोड्याला आधी पक्के यावे लागते. मग कुंपण घातलेल्या मैदानात एक वाहन नुसते उभे करून ठेवतात. महत्त्वाचे असते अंतर. घोडा वाहनाकडे पाहतो, कान टवकारतो, पण श्वास मोकळा असतो आणि दोर सैल राहतो, एवढ्या अंतरावर काम करायचे. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, पाय जागच्या जागी नाचणारे अशी लक्षणे दिसली तर आपण फार जवळ आलो. मुकाट मागे जावे. घोडा सैलावला, डोके खाली आले की थोडे पुढे. त्यानंतर इंजिन सुरू, दार आपटणे, भोंगा, आणि शेवटी चालते वाहन. चालत्या वाहनाच्या बाबतीत एक जुनी युक्ती फार उपयोगी पडते: वाहन घोड्यापासून दूर जाऊ द्यायचे आणि घोड्याला त्याच्या मागे चालवायचे. पाठलाग करणारी वस्तू भीतिदायक. आपल्यापुढे पळणारी वस्तू कुतूहलाची.

घोड्याला वाहनाजवळ बांधून ‘होईल आपोआप सवय’ म्हणणे हा रूढ पण वाईट मार्ग आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात दोन वर्षांच्या २७ घोड्यांना पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय तीन पद्धतींनी लावण्यात आली. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत सगळे घोडे शांत झाले. भीतीचे कारण एकदम पूर्णपणे समोर आणण्याच्या किंवा त्याची खाऊशी सांगड घालण्याच्या पद्धतीत काही घोडे शेवटपर्यंत बुजतच राहिले. म्हणजे खाऊ निरुपयोगी असे नव्हे. अंतर चुकले तर मात्र खाऊने भागत नाही. खांद्यांवरच्या उंचवट्यापाशी, आयाळ संपते तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे दिसून आले आहे.

एकाच ट्रकची सवय डाव्या बाजूने झाली म्हणजे उजव्या बाजूनेही झाली असे धरू नये. ओळखीची वस्तू फिरवून ठेवली की घोडे तिला नवी समजून बिचकतात, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून प्रत्येक धडा दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून द्यावा लागतो.

धरणाऱ्या माणसाची भीतीही घोड्यापर्यंत पोहोचते. स्वीडनमधील एका प्रयोगात घोडा नेणाऱ्यांना सांगितले, की या फेरीत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसाच्या आणि घोड्याच्या, दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले. ट्रक दिसताच लगाम आवळणारा स्वार घोड्याला नेमके हेच सांगत असतो. उलट शांत, अनुभवी घोडा सोबतीला असला तर नवखा कमी बुजतो. पहिल्या रपेटीत हा सोबती वाहनांच्या बाजूला आणि बुजरा घोडा आतल्या बाजूला ठेवतात. वेळ तुरळक रहदारीची आणि रस्ता शक्यतो बाजूला सरकायला जागा असलेला निवडतात. वाहनचालकांनीही वेग कमी करून, अंतर राखून जायला हवे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत ताशी १० मैलांपेक्षा (सुमारे १६ किमी.) कमी वेग आणि किमान २ मीटर अंतर सांगितले आहे.

गाडीच्या घोड्यांना झापडे बांधतात. त्याने दृश्य कमी होते, आवाज नाही. त्यामुळे झापडे शिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. एरवी शांत असलेला घोडा अचानक बुजू लागला, तर शिकवणीआधी डोळे, दात, पाठ आणि खोगिराची बसणी तपासून घ्यावी. दीर्घ विश्रांतीनंतर जुनी भीती डोके वर काढते, तेव्हा काही धडे पुन्हा मैदानापासूनच सुरू करावे लागतात.