फेडरेशन ही कल्पना आली कुठून? ईमेलपासून मास्टोडॉनपर्यंत

मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीच्या ऐवजी अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क. त्याचं नाव आपल्याकडे खरं गाजलं ते नोव्हेंबर २०१९ मधे. सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट सस्पेंड झालं, त्यावरून चिडून बरेच भारतीय तिकडे गेले, आणि साइनअप करतानाच पहिला प्रश्न समोर आला की सर्व्हर कुठला निवडू? हा प्रश्न का विचारतात ते कळलं की फेडरेशन कळलं.

कल्पना तशी जुनीच. १९८२ मधे जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवायचे नियम लिहून काढले, एसएमटीपी म्हणतात ते, म्हणून पणजीतल्या ऑफिसच्या सर्व्हरवरून निघालेली मेल जगातल्या कुठल्याही सर्व्हरला पोचते, दोन्हीकडे एकच कंपनी लागत नाही. सर्व्हर वेगळे, मालक वेगळे, बोलायचे नियम तेवढे सामायिक, यालाच फेडरेशन म्हणतात. आपल्या देवस्थानांसारखंच, कमिटी प्रत्येकाची आपापली पण फोंड्याचा माणूस शिरगावच्या जत्रेला बिनदिक्कत जातो.

चॅटमधे पण हे होतं, १९९९ पासून जॅबर नावाची खुली चॅट यंत्रणा होती, त्यातूनच एक्सएमपीपी हे चॅटचे सामायिक नियम आले, आणि २००६ मधे गुगल टॉकनेसुद्धा बाहेरच्या सर्व्हरना दार उघडलं. पुढे २०१३ मधे गुगलचंच हँगआउट्स आलं त्यात ती सोयच नव्हती. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, नियम खुले असले तरी बहुतेक माणसं एकाच मोठ्या सर्व्हरवर असतील तर तो मोठा कधीही दार लावून घेऊ शकतो.

सोशल नेटवर्कमधे इव्हान प्रोड्रोमू यांनी २००८ ला आयडेंटिका ही ट्विटरसारखी साइट सुरू केली, २०१६ ला जर्मनीत ऑयगेन रोखको यांनी मास्टोडॉन आणलं, आणि जानेवारी २०१८ मधे अ‍ॅक्टिव्हिटीपब हा सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचा नियमसंच डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा अधिकृत स्टँडर्ड झाला. तुम्ही पोस्ट टाकली की तुमचा सर्व्हर ती तुमच्या फॉलोअर्सच्या सर्व्हरना पाठवतो, आणि एखादा सर्व्हर फारच त्रास देत असेल तर बाकीचे त्याला ब्लॉक करतात.

मालक यात पण असतोच हं, फक्त तो बदलता येतो. फॉलोअर्स नव्या सर्व्हरवर नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मास्टोडॉनमधे मागेच राहतात. म्हणून गोव्यातल्या मराठी मंडळींनी, नाटकवाले असोत की भजनीमंडळं, आपला सर्व्हर काढायचा ठरवला तर होस्टिंगच्या खर्चाआधी मॉडरेशन, म्हणजे कुठल्या पोस्ट ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या हे बघणं, कोण करणार आणि बॅकअप कोण घेणार हे ठरवायला हवं.