खाडीतून खोल पाण्याकडे: कोकणातील मालवाहतुकीची पार्श्वभूमी

रत्नागिरीत गोठवलेली मासळी परदेशी निघते तेव्हा ती समोरच्या समुद्रात चढत नाही. शीतकंटेनरमध्ये भरून ती आधी रस्त्याने उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरापर्यंत जाते. ज्या किनाऱ्याने शतकानुशतके अरबस्तानाशी थेट व्यापार केला, त्याच्यावर ही वेळ येण्याचे मुख्य कारण पाण्याच्या खोलीत शोधावे लागते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे येतात. त्या काळी इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर परतत. स्थानिक गलबते मात्र पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात उतरत.

बंदरे कुठे व्हावीत हे कोकणात नद्यांनी ठरवले. सह्याद्रीतून उतरणारी नदी मुखाशी खाडी होते आणि भरतीचे पाणी त्या खाडीतून बरेच आत चढते. त्यामुळे बाणकोटला शिरलेला माल सावित्रीतून महाडकडे, दाभोळचा वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत आणि जैतापूरचा राजापूरकडे जात असे. भरतीचे पाणी जिथवर पोहोचे तिथे पेठ वसे, आणि तिथून बैलांचे तांडे कुंभार्ली किंवा अणुस्कुरा घाट चढून देशावर जात. चौल-दाभोळला अरबी घोडे उतरत, देशावरचे सुती कापड आणि मिरी बाहेर जाई. इंग्रजांची राजापूरची वखार आणि डचांनी 1637 मध्ये वेंगुर्ल्यात घातलेली वखार या व्यापारासाठीच होत्या. ही सारी व्यवस्था चालली ती उथळ पाण्यात तरंगणाऱ्या गलबतांवर आणि पडावांवर. ओहोटीला चिखलात टेकले तरी त्यांचे काही बिघडत नसे, पुढच्या भरतीला ती पुन्हा उचलली जात. आजच्या ओसाड धक्क्यांकडे पाहून या बंदरांना किरकोळ समजणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या काळच्या जहाजांना जेवढे पाणी लागे तेवढे त्यांच्यापाशी पुरेपूर होते.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींना वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पण लोखंडी आगबोट पाण्यात खोल बसते. मुंबईत 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक ही गोदी सुरू झाली, तर कोकणातील बऱ्याच बंदरांवर आगबोट बाहेर नांगर टाकून उभी राही आणि माणसे व माल पडावातून ने-आण होत. खाड्याही गाळाने भरत चालल्या होत्या. परदेशी माल मुंबईत उतरू लागला आणि दक्षिणेकडची बंदरे तिची पुरवठादार झाली.

तरीही गोदीतील काम जुनेच होते: गोणी, पेट्या, पिंपे एकेक करून माणसांनी उचलायची आणि जहाजाने त्यासाठी धक्क्यावर कित्येक दिवस अडकून पडायचे. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकमालकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 कंटेनर, म्हणजे ट्रकवर चढणाऱ्या मोठ्या धातूच्या पेट्या, घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढे पेट्यांची मापे जगभर एकसारखी ठरली आणि तीच पेटी, न उघडता, ट्रक, रेल्वे व जहाज यांवर चढू लागली. अशा पेट्या रचायला विस्तीर्ण मोकळे आवार लागते आणि ते मुंबईच्या शहराने वेढलेल्या गोद्यांपाशी नव्हते. 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामागे हे एक मोठे कारण होते. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना आपले गाव सोडावे लागले, हे या इतिहासातून वगळता येणार नाही.

त्यानंतर जहाजे वाढतच गेली. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ 400 मीटर लांबीचे असून त्यावर वीस हजार पेट्या मावतात, आणि असे जहाज पूर्ण भरल्यावर त्याचे सुमारे 16 मीटर अंग पाण्याखाली जाते. त्यामुळे महाकाय जहाजे मोजक्याच बंदरांना लागतात. तिथे उतरलेल्या पेट्या लहान जहाजांतून इतरत्र पोहोचतात. भारताचा बराच माल असा कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलतो.

शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडला आज मोठी कोळसावाहू जहाजे लागतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, ती तिथल्या सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोलीमुळे. त्याच पाण्यावर डहाणू परिसरातील मच्छीमारांचा संसार चालतो आणि त्यांचा विरोध अनेक वर्षांचा आहे. बंदराचे नियोजन करताना खोलीइतकेच वजन या विरोधालाही मिळायला हवे.