दादरा म्हणजे वॉल्ट्झ नव्हे

"ताई, दादराच आहे ना? मग वॉल्ट्झ लावू?" गणपती जवळ आले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या कीबोर्डच्या क्लासमध्ये हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्या मुलाचा दोष नाही, त्याला कुणीतरी तसंच शिकवलेलं असतं. वॉल्ट्झ तीन मात्रांचा (ठोक्यांचा), दादरा हा ताल सहा मात्रांचा, म्हणजे दोन वॉल्ट्झ मिळून एक दादरा. गणित बरोबर आहे, पण तसं वाजवलं की गाणं जड होतं.

दादरा तुम्हाला मी सांगायला नको. तबल्यावरचे त्याचे बोल: धा धी ना, धा ती ना. सम, म्हणजे तालाची वजनदार सुरुवात, पहिल्या मात्रेवर; काल, म्हणजे हलक्या अर्ध्या भागाची सुरुवात, चौथ्यावर. वॉल्ट्झ हा ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीकडचा जोडीचा नाच, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेला. पियानोवर डावा हात पहिल्या मात्रेला खालचा सूर देतो, उजवा हात दुसऱ्या-तिसऱ्याला कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर. धूम चक चक. एक भारतीय आणि एक पाश्चात्त्य, हे दिसतंच आहे. वेगावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण दोन्ही संथही वाजतात आणि जलदही.

अडतं ते एकाच जागी, आणि त्याला पाश्चात्त्य स्वरलिपीतले दोन आकडे खतपाणी घालतात: ६/८ आणि ३/४. शाळेत अपूर्णांक शिकलेलं मूल ६/८ ला दोनाने छेद देतं आणि ३/४ मिळवतं. मग दोन्ही एकच! पण हे अपूर्णांक नाहीत. प्रत्येक गटात कोणत्या जातीचे किती सूर मावतात, एवढंच ते सांगतात. दोन्हीकडे सहा छोटे सूर मावतात हे खरं, पण त्यांची वाटणी वेगळी होते.

कीबोर्डवरचं रिदमचं बटण बंद करा आणि हे करून बघा. पांढरी एक (पाश्चात्त्य C) सा धरून मेजर कॉर्डचे सहा सूर अगदी समान वेगाने वाजवा: सा ग प सां प ग. आधी पहिल्या आणि चौथ्या सुरावर वजन द्या, म्हणजे सा आणि सां वर. पाय दोनदा पडेल आणि प्रत्येक पावलात तीन सूर बसतील. हा ६/८, जलद दादऱ्याच्या घरचा. आता वेग न बदलता वजन पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सुरावर द्या, म्हणजे सा, प आणि पुन्हा प. पाय तीनदा पडेल, प्रत्येक पावलात दोन सूर. हा ३/४, वॉल्ट्झच्या घरचा. बोटं तीच, सूर तेच, वेगही तोच, आणि तरी चाल पार बदलली. हा बदल कानाला लागेपर्यंत मी कुणालाही एकही पॅटर्न शिकवत नाही, मग त्यात दोन तास जावोत की दोन आठवडे.

नाशिक ढोलाच्या पथकात उभं राहिलेल्या मुलांना हे सगळ्यात लवकर कळतं. ताशाच्या काड्या कितीही भरभर चालल्या तरी पाय पडतो तो ढोलाच्या ठोक्यावर. ते सहा सूर म्हणजे ताशा. ढोल कुठे पडतोय ते ऐकायचं. म्हणूनच "एक-दोन-तीन मोजत राहा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मोजून ताशा कळतो, ढोल कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जलद वॉल्ट्झमध्येही पाय तीन मात्रांना एकदाच पडतो, मग दोन गट जोडले की दादराच झाला की! शंका रास्त आहे आणि घोळाचं मूळही इथेच आहे. तेव्हा पायाचा हिशोब पुरत नाही, गटाच्या आत बघावं लागतं. वॉल्ट्झमध्ये दुसरी आणि तिसरी मात्रा दोन्ही हलक्या, दोन्हींवर कॉर्ड. व्हिएन्नाचे वादक तर दुसरी मात्रा किंचित लवकर घेतात, त्यामुळे नाचणाऱ्याला गिरकी मिळते. दादऱ्यात दुसऱ्या मात्रेची 'धी' घुमत राहते आणि तिसऱ्या मात्रेचा 'ना' चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, टणत्कारून उठतो. धार त्या 'ना'ला असते. म्हणून पियानोवर दादरा धरायचा तर कॉर्ड दुसऱ्या मात्रेवर मारू नका. डाव्या हाताने पहिल्या मात्रेला सा, दुसरी रिकामी घुमू द्यायची, तिसरीला उजव्या हाताने आखूड कॉर्ड. चौथीला डाव्या हातात प, पाचवी रिकामी, सहावीला पुन्हा आखूड कॉर्ड.

आणि चौथ्या मात्रेला पुन्हा खालचा सा ठोकू नका. तिथे काल आहे. बोल 'धा' असला तरी पुढच्याच 'ती'ला डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा खर्जाचा तबला, गप्प होतो, म्हणून तो अर्धा भाग हलका वाटतो. वॉल्ट्झला काल नसते, त्याच्या दुसऱ्या गटाची पहिली मात्रा पहिल्या गटाइतकीच वजनदार वाजवली तर चालते. गेल्या वर्षी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात दादऱ्यातलं साधं भावगीत होतं. कीबोर्डवर तयार वॉल्ट्झ चालू, समेला आणि कालेला सारखाच धूम, दुसऱ्या-तिसऱ्याला चक चक. तबलावाले काका बिचारे डग्गा उचलून धरत होते आणि यंत्र तो पुन्हा खाली दाबत होतं. गाणाऱ्या मुलीला श्वास घ्यायला जागाच उरली नाही. ऐकताना जीव कळवळला.

पियानोच्या पॅडलचंही, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायाच्या पट्टीचंही, तसंच. वॉल्ट्झला पहिल्या मात्रेला दाबून तिसरीला सोडलं की छान मोकळं वाजतं. दादऱ्यात मी ते जवळजवळ वापरतच नाही, कारण पॅडलने 'ना'ची धार जाते.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक कीबोर्डांत दादरा आणि केरवा (आठ मात्रांचा ताल) हे ठेके वेगळे दिलेले असतात. गाणं दादऱ्यात असेल तर निदान तो लावा. शेजारी तबलजी बसला असेल तर तोही लावू नका, त्याचा डग्गा ऐकत दोन्ही हातांनी वाजवा.